पीआर टाकलाय पण मर्जच होईना : नेमकं कुठं अडकलंय ते कसं शोधायचं

पीआर म्हणजे पुल रिक्वेस्ट, दुसऱ्याच्या ओपन सोर्स प्रोजेक्टला हा माझा बदल घ्या म्हणून गिटहबसारख्या साइटवर केलेली विनंती, आणि तो बदल त्यांच्या कोडमध्ये गेला की मर्ज. तो का होईना, हे दर आठ-पंधरा दिवसांनी कोण ना कोण विचारतंच. परवा एक पोरगा ऑफिसात आला, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, लॅपटॉप उघडून माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाला, दादा, दीड महिना झाला पीआर टाकून, ना कोण हो म्हणतंय ना कोण नाही म्हणतंय, आणि कोड तर बरोबर आहे, माझ्याकडं चालतोय. म्हटलं दाखव. कोड खरंच बरोबर होता, चार ओळींचा फिक्स. पण पीआरच्या खाली लाल फुली होती, फुलीशेजारी बॉटची कमेंट होती, आणि ती कमेंट ह्या गड्यानं दीड महिन्यात एकदाही पूर्ण वाचली नव्हती. का, तर ती माणसानं लिहिलेली नाही, मशिनचा मेसेज आहे, त्याला काय उत्तर द्यायचं.

तर एकदा सगळं लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्याला नुसतं हे वाच म्हणून पाठवता येईल.

मी काय कुठल्या मोठ्या प्रोजेक्टचा मेंटेनर, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणारा, नाही. कोल्हापूरच्या राजारामपुरीत दोन खोल्यांचं ऑफिस, काम मुख्यतः दूध संस्थांच्या हिशोबाचं, आणि ज्या फुकटच्या कोड लायब्रऱ्यांवर आमचं दुकान चालतं त्यात काही मोडलं की दुरुस्त करून परत पाठवायची सवय लागली. वीसेक पॅच पाठवले असतील, चौदा-पंधरा गेले, बाकीचे पडले. पडले ते जवळजवळ सगळे कोड चुकला म्हणून पडले नाहीत, हे आधीच सांगतो. पॅच घेणं म्हणजे तो कोड पुढं कायम सांभाळणं, आणि सांभाळणार तुम्ही नाही, तो मेंटेनर. त्याच्या डोक्याला ताप किती होणार ह्यावर सगळं ठरतं.

पीआर चार ठिकाणी अडकतो. एक तर मशिननं अडवलाय, नाहीतर कोणी बघितलाच नाही, नाहीतर रिव्ह्यूत गोल गोल फिरतोय, नाहीतर त्यांना तो नकोच आहे. चारीचा इलाज वेगळा, आणि लोक चुकतात ते इथंच, मशिननं अडवलेल्याला पिंग करत बसतात आणि नको असलेल्याचा कोड परत परत सुधारत बसतात.

मशिननं अडवलाय का बघा

पहिला गुन्हेगार साइन-ऑफ. त्या पोराचं हेच होतं. बऱ्याच प्रोजेक्टमध्ये प्रत्येक कमिटच्या, म्हणजे गिटमध्ये नोंदवलेल्या एकेका बदलाच्या, मेसेजच्या शेवटी साइन्ड-ऑफ-बाय म्हणून तुमचं नाव आणि ईमेल असलेली ओळ लागते. ही नुसती सही नाही, हा कोड द्यायचा मला हक्क आहे असं तुम्ही लिहून देताय. २००३ मध्ये एससीओ कंपनीनं लिनक्सवरून आयबीएमवर दावा ठोकला, तेव्हा कुठली ओळ कुठून आली हे दाखवायची पाळी आली आणि २००४ मध्ये कर्नलवाल्यांनी, म्हणजे लिनक्सचा गाभा लिहिणाऱ्यांनी, ही पद्धत आणली, ती नंतर बाकीच्यांनी उचलली. इलाज दोन मिनिटांचा आहे. एकच कमिट असेल तर गिट कमिट --अमेंड -एस, जास्त असतील तर गिट रिबेस --साइनऑफ, आणि मग पुश --फोर्स-विथ-लीज. साधा फोर्स वापरू नका, मधे कोणी त्याच ब्रँचवर काही टाकलं असेल तर ते उडतं, लीजवालं निदान आधी बघतं.

आणि साइन-ऑफ केलाय तरी बॉट लालच, असं असेल तर ईमेल बघा. कमिटच्या ऑथरचा ईमेल एक आणि साइन-ऑफचा दुसरा, हे घरचा लॅपटॉप आणि ऑफिसचा लॅपटॉप असणाऱ्यांचं हमखास होतं. गिट लॉग काढला की दोन्ही ओळी समोर दिसतात.

सीएलए, म्हणजे काँट्रिब्यूटर लायसन्स अ‍ॅग्रीमेंट, ही वेगळी भानगड, तिथं एक करार असतो, पायथनला लागतो, बऱ्याच कंपन्यांच्या प्रोजेक्टना लागतो, एकदा ऑनलाइन सही केली की झालं. जीएनयू ईमॅक्ससारख्या ठिकाणी तर कॉपीराइटच फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या नावावर करून द्यावा लागतो, साधारण १५ ओळींच्या आतला किरकोळ बदल असेल तर सूट आहे. ऑफिसच्या वेळात, ऑफिसच्या कामासाठी लिहिलेला कोड असेल तर सही करायच्या आधी मालकाला विचारा, हे मी गंमतीनं सांगत नाही.

मग सीआय, म्हणजे पीआरवर मशिन चालवतं त्या टेस्ट. नवीन माणसाच्या पीआरवर टेस्ट आपोआप चालत नाहीत, मेंटेनरनं परवानगीचं बटण दाबावं लागतं. गिटहबनं हे २०२१ मध्ये केलं कारण लोक फुकटच्या मशिनवर पीआरच्या नावाखाली क्रिप्टो मायनिंग करायला लागले होते. म्हणजे पिवळा ठिपका दिसत असेल आणि परवानगीची वाट बघतोय असं लिहिलं असेल तर तुमचं काही चुकलेलं नाही, गप बसा. लाल असेल तर आधी त्यांची मेन ब्रँच, म्हणजे मुख्य कोड, हिरवी आहे का बघा, कधी कधी तिकडंच मोडलेलं असतं आणि आपण उगाच आपल्या कोडमध्ये दोन रात्री घालवतो. मी घालवल्यात.

दोन ओळी बदलल्या, डिफ सहाशेचा

हे जरा नीट सांगतो कारण विंडोजवाल्या प्रत्येकाला एकदा तरी चावतंच.

माझ्या एका पॅचमध्ये बदल दोन ओळींचा होता. पीआर उघडून डिफ, म्हणजे जुन्या-नव्यातला फरक, बघतो तर अधिक ६१४, उणे ६१४. अख्खी फाइल लाल आणि अख्खी फाइल हिरवी, आणि डाव्या-उजव्या ओळी अक्षर न अक्षर सारख्या. मेंटेनरनं एवढंच लिहिलं की ह्यात बदल कुठला ते मला दिसत नाही. त्याचं बरोबर होतं.

अधिक आणि उणे आकडा सारखा आणि ओळी पण सारख्या दिसतात, असं असलं की समजायचं ओळीचा शेवट बदललाय. लिनक्सवर ओळ एलएफनं संपते, विंडोजवर सीआरएलएफनं. माझ्या मशिनवर गिटची ऑटोसीआरएलएफ सेटिंग फॉल्स होती आणि एडिटरनं सेव्ह करताना सगळ्या फाइलला सीआरएलएफ लावून टाकलं. खात्री करायला गिट डिफ -डब्ल्यू चालवा, स्पेस आणि ओळीच्या शेवटाचे फरक सोडून देतो तो, माझ्या फाइलमध्ये दोनच ओळी उरल्या, त्याच माझ्या खऱ्या दोन ओळी.

दुरुस्ती अशी की एडिटरच्या खालच्या पट्टीत उजवीकडं सीआरएलएफ लिहिलेलं असतं त्यावर क्लिक करून एलएफ करा, सेव्ह, अमेंड, पुश. परत होऊ नये म्हणून विंडोजवर ऑटोसीआरएलएफ ट्रू ठेवा. आणि प्रोजेक्टमध्ये गिटअ‍ॅट्रिब्यूट्सची फाइल असेल तर तिच्यात काय लिहिलंय ते वाचा, ती तुमच्या सेटिंगच्या वर चालते.

सेव्ह केल्यावर आपोआप फॉरमॅट होणारी सेटिंग असते ना, तिचा पण तोच उद्योग. तुम्ही एक ओळ बदलता, ती चारशे ओळींचे कोट आणि स्पेस सरळ करून ठेवते. दुसऱ्याच्या प्रोजेक्टमध्ये शिरताना ती बंद करा नाहीतर त्यांचा फॉरमॅटर लावा. त्यांना राग का येतो तर उद्या गिट ब्लेम, म्हणजे कुठली ओळ कुणी बदलली ती यादी, काढला की चारशे ओळींवर तुमचं नाव, आणि ही ओळ मुळात का लिहिली हे शोधणारा माणूस तुमच्या कमिटवर येऊन आपटणार.

आमच्याकडं इंटर्न होती एक, तिचा प्रकार निराळा. बदल एक, पण पीआरमध्ये ३७ कमिट दिसत होते. तिनं फोर्कच्या, म्हणजे प्रोजेक्टच्या आपल्या प्रतीच्या, मेन ब्रँचवरच काम केलं होतं आणि तिथूनच पीआर टाकला होता, मग अपस्ट्रीमचं, म्हणजे मूळ प्रोजेक्टचं, मर्ज त्यात, दुसरा प्रयोग त्यात, सगळं त्यातच. गिटहबवर पीआर कुठल्या ब्रँचमधून आलाय ते नंतर बदलता येत नाही. त्यामुळं सरळ अपस्ट्रीम फेच करून त्याच्या मेनवरून नवीन ब्रँच काढली, आपला एक कमिट चेरी-पिक केला, म्हणजे तेवढाच उचलून तिथं ठेवला, नवा पीआर टाकला, जुना बंद करून त्यात नव्याचा नंबर लिहिला. दहा मिनिटं लागली, त्यातली आठ तिला समजावण्यात.

सगळं हिरवं आहे, पण कोणी बोलतच नाही

आता इथं पहिलं काम, प्रोजेक्ट जिवंत आहे का बघा. शेवटचा कमिट कधीचा हे बघून भागत नाही, बॉट पण कमिट करतात. बंद झालेल्या पीआरची यादी काढा आणि त्यात बाहेरच्या माणसाचा शेवटचा पीआर कधी मर्ज झाला ते शोधा. दीड वर्षापूर्वी झाला असेल तर तुमचा दीड महिना काहीच नाही.

दुसरं, दार चुकलंय का. गिटहबवर दिसतंय म्हणजे काम तिथंच चालतं असं नसतं. लिनक्स कर्नलची गिटहबवरची प्रत नुसती आरसा आहे, लिनस टॉरवाल्ड्स तिथले पीआर घेत नाही, पॅच साध्या मजकुराच्या ईमेलनं जातो. पोस्टग्रेस ह्या डेटाबेसचं पण तसंच, तिकडं पॅच ईमेलनं येतात आणि कमिटफेस्ट नावाच्या फेऱ्यांमध्ये बघितले जातात. लिब्रेऑफिसला गेरिट नावाची रिव्ह्यूची वेगळी यंत्रणा लागते. म्हणजे काही लोक चुकीच्या दारात उभं राहून आत कोणी ऐकत नाही म्हणतात.

कर्नलला पाठवणार असाल तर गेट-मेंटेनर नावाची स्क्रिप्ट त्यांच्याच कोडमध्ये आहे, पॅच दिला की कुणाला पाठवायचं ते सांगते, आणि चेकपॅच नावाची दुसरी आहे ती स्टाइलच्या चुका काढते. आणि जीमेलच्या वेबपेजवर पॅच पेस्ट करून पाठवू नका, तो टॅबचे स्पेस करतो आणि लांब ओळी मोडतो, मग पॅच लागतच नाही. गिट सेंड-ईमेल सेट करा, अर्धा तास जातो, एकदाच जातो. बाकी ठिकाणी कोडओनर्स फाइल असते, तुमची फाइल कुणाच्या नावावर आहे ते तिच्यात बघा.

तिसरं म्हणजे वेळ. कर्नलचं चक्र साधारण ९ ते १० आठवड्यांचं. त्यात सुरुवातीचे दोन आठवडे मर्ज विंडो, आणि नावावरून वाटतं की आत्ताच पाठवावं, तर उलटं आहे, त्या दोन आठवड्यांत आधीच रिव्ह्यू होऊन तयार असलेलं काम वर जातं, तुमच्या नव्या पॅचकडं बघायला कुणाला सवड नसते. आपल्याकडं साखर कारखाना सुरू झाला की ज्यांच्या उसाची नोंद आहे त्यांच्या फडात टोळी येते, नोंद नसलेला ऊस कितीपण चांगला असू दे, तो फडातच तुरे काढत उभा. तसंच आहे ते. विंडो बंद झाली, आरसी-१, म्हणजे पहिली चाचणीची आवृत्ती, आली, की मग पाठवा.

पिंग कधी करायचं, तर कर्नलचा कागद सांगतो किमान एक आठवडा थांबा, गडबडीच्या काळात जास्त. लहान प्रोजेक्टना मी तीन-चार आठवडे देतो, एकटा माणूस असतो, त्याची पण नोकरी असते, घरी लग्न निघालेलं असतं. आणि पिंग म्हणजे "रिस्पेक्टेड सर, काइंडली मर्ज" नव्हे. हे वाचून मलाच लाजल्यासारखं होतं, कधी कधी तो सर नसतोच, बाई असते. आधी रिबेस करा, म्हणजे आपला बदल त्यांच्या ताज्या कोडवर बसवा, कॉन्फ्लिक्ट काढा, टेस्ट परत चालवा, आणि मग एक ओळ लिहा की आजच्या मेनवर रिबेस केलंय, कालच्या व्हर्जनवर पण बग अजून येतोय, माझ्याकडून काही राहिलंय का. त्यात नवीन काहीतरी असलं की माणूस उघडून बघतो.

घाई का अंगाशी येते त्याचं एक कारण पण आहे. २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड ह्या फाइल आवळायच्या टूलमध्ये बॅकडोर, म्हणजे मुद्दाम ठेवलेलं चोरदार, सापडला. घालणारा दोनेक वर्षं शिस्तीत पॅच पाठवत होता, आणि त्याच काळात दुसरी काही खाती त्या एकट्या दमलेल्या मेंटेनरच्या मागं लागली होती की पॅच घ्यायला एवढा उशीर का, जमत नसेल तर दुसऱ्याच्या हातात द्या. तो बॅकडोर उघडा पडला तो अँड्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरमुळं, त्याला एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं म्हणून. आता विचार करा, अनोळखी माणूस दर चार दिवसांनी लवकर घ्या, लवकर घ्या म्हणतोय, मेंटेनरला काय आठवत असेल.

रिव्ह्यूत फिरतोय तो फिरतोयच

इथं माझीच गोष्ट सांगतो. प्रोजेक्टचं नाव सांगत नाही, रिपोर्ट छापणारी एक लहान लायब्ररी आहे, सांभाळणारी माणसं दोन.

दिवाळीच्या आधी दूध संस्थांची दूध दर फरकाची बिलं निघतात. एरवीच्या बिलात आकडे हजारात, पण फरकाच्या वेळी बेरजा लाखात जातात. तर एका संस्थेचे सचिव कागद घेऊन आले आणि म्हणाले, हे काय छापलंय, एक लाख तेवीस हजार का बारा लाख? बघतो तर १,२३,४५६ च्या जागी १२३,४५६. लायब्ररी स्वल्पविराम तीन-तीन आकड्यांवर टाकत होती, लाखाचा हिशोबच तिला ठाऊक नाही.

मी त्याच संध्याकाळी पॅच लिहिला. लोकेल, म्हणजे भाषा-प्रदेशाची सेटिंग, मराठी असेल तर माझं फंक्शन चालवायचं, चाळीस ओळी, शिवाय आकडे देवनागरीत पण करून टाकले कारण म्हटलं आलोच आहे तर. कमिटचा मेसेज, नंबरचा बग दुरुस्त केला. बास. आणि वाटलं की उद्या सकाळी मर्ज.

पाचव्या दिवशी प्रश्न आले. हे फक्त मराठीलाच का, हिंदी, गुजराती आणि भारतातल्या इंग्रजीचं काय? युनिकोडच्या सीएलडीआर ह्या सगळ्या भाषांच्या माहितीसाठ्यात ही माहिती आधीच आहे ना, मग हाताने का लिहिताय? आणि आकड्यांची लिपी बदलणं हा वेगळा बदल आहे, इथं का? मला आधी रागच आला, खोटं कशाला बोलू. अरे बाबा, तुमच्या लायब्ररीत चूक आहे, मी फुकटात दुरुस्त करून देतोय, वर परीक्षा काय घेताय. दोन दिवस उत्तरच दिलं नाही.

मग सीएलडीआर उघडून बघितलं. मराठीचा पॅटर्न आहे #,##,##0.### असा, आणि हिंदी, गुजराती, भारतीय इंग्रजीचा पण हाच. उजवीकडून पहिला गट तीनचा, पुढचे सगळे दोनचे, म्हणजे लाखाचा स्वल्पविराम त्या पॅटर्नमध्येच लिहून ठेवलेला आहे, लायब्ररी तो वाचत होती पण फक्त पहिला गट बघून पुढं त्याचाच आकडा वापरत होती. माझ्या चाळीस ओळी गेल्या, नऊ आल्या, आणि मराठी हा शब्द कोडमध्ये कुठंच राहिला नाही. सगळ्या भाषांचं एकदम सुटलं. म्हणजे प्रश्न विचारणारा शहाणाच होता.

देवनागरी आकडे वेगळ्या पीआरमध्ये टाकले आणि तो अजून उघडा आहे, त्यात वाद आहे, सीएलडीआरप्रमाणं मराठीचे आकडे देवनागरीच धरायचे पण जुन्या लोकांच्या पावत्या एकदम बदलतील, आणि संस्थेतल्या त्या स्वस्त प्रिंटरला १ ते ९ देवनागरीत छापताच येत नाहीत. तो जर पहिल्यातच ठेवला असता तर लाखाचा फिक्स पण आजतागायत लटकला असता. एका पॅचमध्ये एकच गोष्ट, हे सगळीकडं लिहिलेलं असतं आणि सगळे वाचून सोडून देतात. कर्नलमध्ये तर मालिकेतला प्रत्येक पॅच लावल्यावर बिल्ड झालाच पाहिजे, कारण उद्या बायसेक्ट करणारा, म्हणजे बग कुठल्या कमिटनं आणला ते शोधणारा, मधल्या कुठल्यापण कमिटवर येऊन उभा राहू शकतो.

टेस्ट मागितल्या तेव्हा मी १,२३,४५६ ची एक दिली. तर म्हणाले काठावरचे द्या. काठावरचे म्हणजे ९९९, १,०००, ९९,९९९, १,००,०००, आणि उणे ९९,९९९. शेवटचा फेल झाला! उणे चिन्ह पण एक आकडा म्हणून मोजलं जात होतं. फरक बिलात वसुलीची ओळ उणे येते, म्हणजे पुढच्या दिवाळीत तेच सचिव परत कागद घेऊन आले असते.

मेसेज पण नवीन लिहिला. पहिली ओळ पन्नासेक अक्षरांची, कुठला भाग आणि काय बदललं. मग एक ओळ मोकळी. मग काय छापलं जात होतं, काय छापायला पाहिजे होतं, का चुकत होतं. कसं दुरुस्त केलं हे थोडक्यात, कारण ते कोडमध्ये दिसतंच, का केलं ते मात्र कुठंच दिसत नाही. ७२ अक्षरांवर ओळ मोडायची.

चार फेऱ्या, अडीच महिने. दिवाळी कधीच होऊन गेली. आणि म्हणून सांगतो, गिऱ्हाइकाचं काम कुणाच्या मर्जवर टांगून ठेवू नका, आपल्या फोर्कमध्ये पॅच लावा, त्या कमिटला व्हर्जन पिन करा, संस्थेला बिल छापून द्या, आणि मर्ज निवांत होऊ द्या. घाई नसली की उत्तरं पण सभ्य लिहिली जातात.

उत्तरांवरून आठवलं. प्रत्येक कमेंटला उत्तर द्या, पटली तर बदललं म्हणा, नाही पटली तर का ते सांगा, पण गुपचूप रिझॉल्व्हचं बटण दाबू नका. निट म्हणून लिहिलेलं असेल तर ते बारीकसारीक आहे, करून टाका, वाद घालण्यासारखं त्यात काही नसतं. ईमेलवर पॅच जात असेल तर व्हर्जन दोन म्हणून पूर्ण परत पाठवायचा आणि आधीच्यापेक्षा काय बदललं ते तीन डॅशच्या खाली लिहायचं, ते इतिहासात जात नाही पण वाचणाऱ्याला कळतं. आणि त्यांचं लिहिणं तुटक असतं. हे चुकीचं आहे, कारण अमुक. नमस्कार नाही, कसे आहात नाही. आपल्याकडं एवढ्यावर माणूस चार दिवस फुगून बसेल, पण तिकडं ते तुमच्या ओळीबद्दल असतं, तुमच्याबद्दल नसतं.

त्यांना नकोच असेल तर

ह्याला इलाज कमी आणि तोपण आधीच करायचा. मोठं काही करणार असाल तर कोड लिहायच्या आधी इश्यू उघडा, ही अडचण आहे, असं करावं म्हणतोय, चालेल का. वर ऊस म्हटलं ना, ही ती नोंद. जँगो ह्या पायथनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये तर तिकीट अ‍ॅक्सेप्टेड व्हावं लागतं, पॅचचं पुढचं पुढं. आठशे ओळी लिहून झाल्यावर हे आमच्या कक्षेत बसत नाही असं ऐकायला लागलं तर दोष त्यांचा नाही. प्लगइन करता येतं का बघा, नाहीतर फोर्कमध्ये ठेवा.

कुठले पॅच बघताक्षणी बंद होतात तेपण माहीत असू द्या. हॅक्टोबरफेस्ट म्हणून ऑक्टोबरात पीआर टाकायचा उपक्रम असतो, २०२० च्या वेळी टी-शर्टसाठी लोकांनी रीडमीत एक-एक शब्द घुसडून पीआरचा पाऊस पाडला, शेवटी आयोजकांना नियम बदलावा लागला की ज्या प्रोजेक्टला भाग घ्यायचाय त्यांनी स्वतः हो म्हणायचं. त्यात आपल्या देशातली पोरं भरपूर होती, त्याची किंमत आता खऱ्या कामाची पोरं मोजतायत. आणि आता एआय. कर्ल ह्या डाउनलोडच्या टूलचा डॅनियल स्टेनबर्ग २०२४ पासून उघड सांगतोय की एआयनं लिहिलेले खोटे सिक्युरिटी रिपोर्ट वाचण्यात वेळ जातोय. जेंटू लिनक्सनं २०२४ मध्ये एआयनं लिहिलेला कोड घेणारच नाही म्हणून ठरवलं, नेटबीएसडी ह्या ऑपरेटिंग सिस्टिमनं त्याच वर्षी आधी लेखी परवानगी लागेल म्हणून ठरवलं, सगळीकडं तसं नाही, पण काँट्रिब्यूटिंगची फाइल उघडून नियम काय आहे तो बघा. माझं मत विचाराल तर, रिव्ह्यूतल्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला परत चॅटबॉटलाच विचारावं लागत असेल तर तो पॅच पाठवू नका.

तर त्या पोराचं. साइन-ऑफ घातला, ईमेल जुळवला, रिबेस केला, माझ्यासमोरच पुश केला, बॉट हिरवा झाला. त्याला वाटलं संपलं. तिसऱ्या दिवशी मेंटेनरची पहिली कमेंट आली, तीन शब्दांची, टेस्ट कुठे आहे. आत्ता खुर्ची ओढून शेजारी बसलाय, टेस्टच्या फोल्डरमध्ये त्याच्या फाइलसारखी दुसरी कुठली फाइल आहे ते शोधतोय, आणि मला विचारतोय की दादा, रिकामी लिस्ट दिली तर काय व्हायला पाहिजे. म्हटलं, मला काय विचारतोस, चालवून बघ. चालवलं. क्रॅश झालं.